एकच कौन्सिल, दोन कायदे

आमची कंपनी बेकऱ्यांना लागणारी यंत्रं बनवते. पीठ मळायची, पाव कापायची, भट्टीत ट्रे आतबाहेर करायची. हेड ऑफिस इंग्लंडमध्ये, कारखाने जर्मनीत आणि स्पेनमध्ये, आयर्लंडमध्ये सात माणसांचं एक दुरुस्ती केंद्र, आणि ठाण्याला माजिवड्यात, हायवेच्या कडेच्या एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आम्ही. आमच्यापैकी कुणी त्या यंत्राचा एक स्क्रूसुद्धा पाहिलेला नाही. आम्ही इंग्लंडातल्या लोकांचे पगार काढतो, रजा लावतो, आणि कुणी रिटायर झालं की त्याला घड्याळ हवं की फ्रेम हे विचारून ऑर्डर देतो.

मी तिथे एचआर सपोर्टला आहे. बारा वर्षं झाली. त्यातली सात वर्षं माझ्याकडे असं एक काम आहे, की सोसायटीत कुणी "तू नक्की काय करतेस गं?" असं विचारलं तर मी "एचआर" म्हणून विषय बदलते. मी युरोपियन वर्क्स कौन्सिलची सेक्रेटरी आहे.

हे काम इंग्लंडमधल्या एका मुलीकडे होतं. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. मॅनेजर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "अगं, काही नाही, वर्षातून एकदा मीटिंग असते. तिकिटं बुक करायची, दुभाषे ठरवायचे आणि मिनिट्स लिहायचे. ती परत येईपर्यंतच."

ती परत आली नाही. तिने कुत्र्यांचं पाळणाघर काढलं असं नंतर कळलं.

बाबा माझ्याकडे डोंबिवलीत राहतात. ते वर्तकनगरजवळच्या एका कारखान्यात लेथवर होते, पण लेथपेक्षा जास्त वेळ ते युनियनमध्ये होते. एकोणीस वर्षं जॉइंट सेक्रेटरी. कारखाना बंद होऊन जमाना झाला, त्या जागी आता टॉवर उभा आहे. बाबांची बोलण्याची पद्धत मात्र अजून गेट मीटिंगची आहे. घरात कुकरची शिटी बदलायची असली तरी ते आधी "मुद्दा असा आहे" म्हणतात.

मी त्यांना नव्या कामाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"तू मॅनेजमेंटच्या बाजूने बसतेस की कामगारांच्या?"

"कुणाच्याच नाही. मी मिनिट्स लिहिते."

"मिनिट्स लिहिणारा कुणाच्या तरी बाजूचाच असतो," बाबा म्हणाले. "बरं, ही कौन्सिल करते काय?"

मी समजावलं. युरोपात असा कायदा आहे, की कंपनी मोठी असेल आणि तिचे कामगार दोन-तीन देशांत असतील, तर सगळ्या देशांच्या कामगारांचे प्रतिनिधी आणि मॅनेजमेंट यांनी एकत्र बसायचं. एखादा कारखाना बंद करायचा असेल, काम एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं असेल, तर आधी या लोकांना सांगायचं आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं.

"ऐकायचं. मानायचं नाही?"

"मानायलाच पाहिजे असं नाही."

"म्हणजे पत्रिका छापून झाल्यावर मुलीला विचारायचं, मुलगा पसंत आहे का."

"छापायच्या आधी विचारायचं, बाबा. तोच तर कायदा आहे."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर मिनिट्समध्ये लिहायचं, की ती नाही म्हणाली."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे काही महिने शेजारचे, दूधवाला, जो भेटेल त्याला ते हा कायदा समजावून सांगत होते.

सुरुवातीची वर्षं खरंच सोपी गेली. मग इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं. ठाण्यात बसून मला वाटलेलं, आपल्याला काय त्याचं. फार तर विमानतळावर रांग वाढेल. एके दिवशी इंग्लंडच्या एचआरमधल्या आमच्या वरच्या बाईंचा फोन आला. या बाई अतिशय सभ्य. आग लागली असली तरी आधी तुमच्याकडचं हवामान विचारतील. त्यांनी माजिवड्याचं हवामान विचारलं आणि म्हणाल्या, "आपली कौन्सिल हलवायची आहे."

"कुठे?"

"आयर्लंडला. फक्त कायद्याने. माणसं आहेत तिथेच राहतील."

झालं होतं असं, की कौन्सिलचा करार इंग्लंडच्या कायद्याखाली झालेला, कारण हेड ऑफिस तिथे. आता इंग्लंडच युरोपात नाही, तर युरोपियन कौन्सिल त्याच्या कायद्यावर चालणार कशी? युरोपचं म्हणणं असं, की तुमचं हेड ऑफिस आमच्या बाहेर असेल तर आमच्यातल्या एखाद्या देशात तुमचा प्रतिनिधी नेमा, मग त्या देशाचा कायदा तुम्हाला लागू. आमच्या वकिलांनी जर्मनीचा विचार केला, पण तिथला कायदा कडक. स्पेनचा केला, पण सगळे कागद स्पॅनिशमध्ये करावे लागले असते. आयर्लंडमध्ये इंग्रजी चालतं आणि आपलं ऑफिसही आहे. ऑफिस म्हणजे ते दुरुस्ती केंद्र. सात माणसं आणि दोन व्हॅन.

त्या केंद्राच्या प्रमुखाची सही घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन लावला तेव्हा तो कुठल्यातरी बेकरीत पीठ मळायच्या यंत्राखाली आडवा झालेला होता.

"व्हॅनबद्दल आहे का?" त्याने पहिलंच विचारलं.

"नाही. तुम्हाला कंपनीने युरोपसाठी सेंट्रल मॅनेजमेंटचे प्रतिनिधी नेमलंय. एका कागदावर सही हवी होती."

 पलीकडून कुणीतरी गोणी आपटल्यासारखा धप्प आवाज आला.

"म्हणजे जर्मनीचा कारखाना माझ्या हाताखाली?"

"कागदावर."

"आणि स्पेनचा?"

"तोही."

"मग मी नव्या व्हॅनसाठी जो अर्ज केलाय तो मंजूर कोण करणार? मीच?"

"व्हॅनचं मला खरंच माहीत नाही," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत सही आली. स्कॅनच्या कोपऱ्यात पिठाने माखलेला अंगठा स्पष्ट उमटलेला होता. वकिलांनी मला विचारलं, की हा अंगठा आयर्लंडमध्ये सहीचा भाग असतो का.

त्यानंतरचं काम मला अजिबात आवडलं नाही. कौन्सिलमध्ये इंग्लंडचे तीन प्रतिनिधी होते. इंग्लंड युरोपात नाही, तेव्हा त्यांची जागा संपली, असं ठरलं. त्यांना निरोपाचं पत्र लिहायचं होतं आणि मसुदा मी करायचा होता. त्यातला एक तर अकरा वर्षं कौन्सिलचा अध्यक्ष. गोदामात फोरमन, पांढऱ्या भरघोस मिशा, बोलायच्या आधी चष्मा काढून पुसायची सवय. माझी पहिली मीटिंग होती तेव्हा मी स्पॅनिश प्रतिनिधीचं म्हणणं चुकून जर्मन प्रतिनिधीच्या नावावर लिहिलं होतं. त्याने सगळ्यांसमोर काही न म्हणता नंतर फोन करून सांगितलं होतं. त्या माणसाला मी लिहिलं, की आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल कंपनी आपली आभारी आहे.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. "पत्र मिळालं. मी कुठेही गेलेलो नाही. मी काल गोदामात होतो आणि उद्याही असेन."

मी हे घरी सांगितलं. बाबा उठून उभे राहिले. "हा माणूस आपला आहे," ते म्हणाले, आणि तिथून पुढे रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "फोरमनचं काय झालं?"

फोरमन लंडनमधल्या लवादाकडे गेला. त्याचं म्हणणं साधं होतं. करार इंग्लंडच्या कायद्याखाली झाला, हेड ऑफिस इंग्लंडमध्येच आहे, आणि करार रद्द करायला कौन्सिलने कधी हो म्हटलेलं नाही. आमचे वकील म्हणाले, पंधरा दिवसांत निकाल लागेल आणि आपल्या बाजूने लागेल. एक वर्ष उलटून गेल्यावर निकाल लागला आणि फोरमनच्या बाजूने लागला. इंग्लंडमध्ये आता नव्या कौन्सिली काढता येणार नाहीत, पण आधीपासून असलेली कौन्सिल चालूच राहणार. अशाच दुसऱ्या एका प्रकरणात वरच्या कोर्टानेही तेच म्हटलं होतं, त्यामुळे आमच्या वकिलांनी पुढे जायचं सोडून दिलं.

प्रश्न असा, की तोपर्यंत आयर्लंडची कौन्सिलही कायदेशीर स्थापन झालेली होती. तीही बंद करता येईना. म्हणजे एकाच कंपनीत दोन कौन्सिली झाल्या. जर्मनीचे आणि स्पेनचे प्रतिनिधी दोन्हीकडे तेच. विषय तेच. मॅनेजमेंटचे साहेब तेच. सेक्रेटरी मीच.

"एका कारखान्यात दोन युनियन मी पाहिल्यात," बाबा म्हणाले. "त्यांच्या मारामाऱ्याही पाहिल्यात. पण त्याच माणसांच्या दोन?"

सभ्य बाईंचा फोन आला. ठाण्यात उकडतंय का, असं त्यांनी विचारलं आणि मग म्हणाल्या, की खर्च वाचवायला दोन्ही मीटिंगा एकाच दिवशी, एकाच हॉटेलात घेऊ. सकाळी दहाला आयर्लंडच्या कायद्याची, दुपारी दोनला इंग्लंडच्या कायद्याची. मध्ये जेवण. जेवण कुठल्या कायद्याखाली, हे मी विचारलं नाही.

मी हिरव्या फाइली आणि निळ्या फाइली केल्या. आत तेच कागद, फक्त पहिलं पान वेगळं. हजेरीचे कागद दोन. बसायची व्यवस्था करताना माझं डोकं फिरलं. सकाळी इंग्लंडचे तिघे नुसते पाहुणे, त्यांना टेबलाशी बसता येणार नाही आणि बोलता येणार नाही. वकिलांनी सांगितलं, भिंतीला लावून खुर्च्या ठेवा. दुपारी ते टेबलाशी. पण मग दुपारी तो पिठाच्या अंगठ्याचा आयर्लंडचा मेकॅनिक कोण? इंग्लंडच्या कायद्यात त्याला काही स्थान नाही. तर दुपारी त्याने भिंतीच्या खुर्चीवर बसायचं. सकाळी अख्ख्या युरोपचं मॅनेजमेंट, आणि जेवण झालं की भिंतीला.

मीटिंगला तीन दिवस होते तेव्हा मॅनेजमेंटच्या स्लाइड माझ्याकडे आल्या. मी फक्त पानांचे नंबर बघायला उघडल्या. नवव्या पानावर एक नकाशा होता. जर्मनी आणि स्पेनमधून दोन बाण निघाले होते आणि ते जिथे येऊन मिळत होते तिथे लिहिलेलं, ठाणे.

पगाराचं आणि रजेचं सगळं काम आमच्याकडे यायचं होतं. तीन महिन्यांत. तिकडची ती ऑफिसं बंद.

मी गुप्ततेच्या कागदावर सही केलेली. ऑफिसात कुणाला सांगता येईना. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काय गं, बरं नाही का?" मी म्हटलं, ॲसिडिटी. कंपनीच्या बसमध्ये शीळफाट्याला अडकलो होतो तेव्हा ते दोन बाणच डोळ्यांसमोर येत राहिले. आमच्याकडे काम वाढणार म्हणजे आमच्या नोकऱ्या पक्क्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही होता, आणि म्हणूनच आणखी कसंतरी वाटत होतं.

घरी मी बाबांना नुसतंच विचारलं, "तुमचा कारखाना बंद होणार हे तुम्हाला कसं कळलं होतं?"

ते शेंगदाणे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पहिल्या पाळीला गेलो तर गेटला कुलूप. बाजूला नोटीस डकवलेली. माझ्या मागून लोक येत होते आणि मला विचारत होते, काय लिहिलंय, वाच ना. मी जॉइंट सेक्रेटरी. मला काहीच माहीत नव्हतं. मी मोठ्याने वाचून दाखवली. एकदा वाचली, मागचे म्हणाले ऐकू आलं नाही, मग परत वाचली."

हे मला त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या शंभर गोष्टी सांगितल्या होत्या, ही नाही. मी ताटं घेतली आणि आम्ही जेवलो.

मीटिंगच्या दिवशी मी अडीचला, म्हणजे तिकडच्या सकाळी दहाला, आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन बसले. मॅनेजरही येऊन बसला. "मला जरा इंटरेस्ट आहे," म्हणाला. एरवी मीटिंगचा विषय काढला की त्याला जांभई येते. म्हणजे त्याला माहीत होतं.

समोरच्या स्क्रीनवर हॉटेलातलं टेबल, टेबलाभोवती माणसं, आणि मागे भिंतीला टेकून फोरमन आणि त्याचे दोघे सोबती. एखाद्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे. टेबलाशी मेकॅनिक, कोट घालून, त्याच्यासमोर नावाची पाटी. तो सारखा पाटीकडेच बघत होता.

नववी स्लाइड आली आणि स्पेनच्या प्रतिनिधी बाई एकदम गप्प झाल्या. कागद आधी पाठवले होते, पण त्यांची फाइल आदल्या संध्याकाळीच हातात पडलेली, आणि त्या तिथवर पोचल्याच नव्हत्या. जर्मनीच्या प्रतिनिधी बाईंनी, त्या भट्ट्यांच्या कारखान्यात वेल्डर आहेत, प्रश्न विचारायला सुरुवात केली. मागून फोरमन चिठ्ठ्या लिहून त्यांच्याकडे सरकवत होता, कारण त्याला बोलायची बंदी. बाई चिठ्ठी उघडत आणि जशीच्या तशी वाचून दाखवत.

"तीन महिने हा आकडा कुणी काढला?"

साहेबांनी उत्तर दिलं.

पुढची चिठ्ठी. "ठाण्याच्या टीमला स्पेनच्या रजा माहीत आहेत का?"

"ठाण्याची टीम पूर्ण तयारीत आहे," साहेब म्हणाले. माझ्या शेजारी मॅनेजरने मान डोलावली. आमचा कॅमेरा बंद होता.

पुढची चिठ्ठी बाईंनी त्याच गंभीर आवाजात वाचली. "त्या आल्याच्या बिस्किटांची बशी जरा इकडे भिंतीकडे पाठवा."

दुभाष्यांनी तेही स्पॅनिशमध्ये सांगितलं. सगळी सभा हसली, स्पेनच्या बाईसुद्धा, डोळे पुसत. मेकॅनिकने उठून बशी नेऊन दिली. आयर्लंडच्या कायद्यासाठी आणलेल्या डब्लिनच्या वकिलाने विचारलं, की हे मिनिट्समध्ये येणार का.

साडेसहाला दुसरी मीटिंग सुरू झाली. तीच खोली. फोरमन अध्यक्षाच्या खुर्चीवर, मेकॅनिक भिंतीला. साहेबांनी पुन्हा पहिल्या स्लाइडपासून सुरुवात केली, कारण या कौन्सिलला कायद्याने अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. नकाशा पुन्हा आला. या वेळी स्पेनच्या बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी साहेबांना दुसऱ्या वाक्यालाच थांबवलं.

सगळं ऐकून झाल्यावर फोरमनने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सकाळी मी ऐकलं, ठाण्याची टीम तयार आहे. सकाळी मला बोलता येत नव्हतं. आता येतं. ठाण्याची टीम या स्क्रीनवरच आहे, आपली सेक्रेटरी. सेक्रेटरी, तुम्ही तयार आहात का?"

मी पेन खाली ठेवलं.

लंडनचा वकील म्हणाला, "भारतातले कर्मचारी या कराराच्या कक्षेत येत नाहीत."

डब्लिनचा वकील निरीक्षक म्हणून बसला होता. तो म्हणाला, "आमच्याही नाहीत."

"मी कायदा विचारत नाही," फोरमन म्हणाला. "तयारी विचारतोय."

मॅनेजर तोंडावर हात ठेवून कुजबुजला, "म्यूटच राहू दे. नेट गेलं म्हणून सांगू."

मी शूर वगैरे नाही. रिक्षावाल्याने मीटरपेक्षा दहा रुपये जास्त घेतले तर मी काही बोलत नाही. पण पाच वर्षं मी या लोकांचं बोलणं लिहून घेत होते आणि मला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. मी म्यूट काढला, कॅमेराही सुरू केला. मॅनेजर खुर्चीसकट बाजूला सरकला.

"आम्हाला कुणी विचारलेलं नाही," मी म्हटलं. "मी स्लाइडवर वाचलं. बाकीच्यांना अजून माहीतच नाही. काम आलं तर आम्ही करू, आम्हाला काम हवंच आहे. पण स्पेनमध्ये प्रांताप्रांताच्या सुट्ट्या वेगळ्या, गावागावांच्या वेगळ्या. आमच्यात कुणालाही स्पॅनिश येत नाही. शिकवायला माणूस लागेल आणि वेळ लागेल. तीन महिन्यांत होणार नाही. निदान माझ्याच्याने तरी नाही."

 मग मला एक अडचण सुचली आणि ती मी तशीच विचारली. "हे मिनिट्समध्ये कुणाच्या नावावर लिहू?"

"सेक्रेटरीच्या," फोरमन म्हणाला.

"सेक्रेटरीला सभेत बोलायचा अधिकार नाही," लंडनचा वकील म्हणाला.

"पण त्या बोलल्या."

"बोलल्या असतील, पण कायद्याने बोललेल्या नाहीत."

वीस मिनिटं यावर चर्चा झाली. शेवटी सर्वानुमते असं वाक्य ठरलं, की "सभेस अशी माहिती प्राप्त झाली." कुणाकडून, ते नाही. मी ते स्वतःच्या हाताने लिहिलं.

मॅनेजर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "तू आधी मला सांगायचंस ना." मी म्हटलं, "तुम्हीही मला." त्याने विचार केला आणि चहा मागवला. तसा तो वाईट नाही. त्यालाही वरून तेवढंच सांगितलेलं.

निर्णय दोन महिन्यांनी आला. काम ठाण्यालाच येणार होतं, ते काही टळलं नाही. पण तीन महिन्यांचं एक वर्ष झालं. तिकडच्या काही लोकांना कारखान्यातच दुसरी कामं मिळाली, आणि स्पेनमधून एक अनुभवी बाई आम्हाला शिकवायला सहा आठवडे ठाण्यात येणार असं ठरलं. बाबांना मी "माहिती प्राप्त झाली" हे वाक्य दाखवलं. "आयुष्यभर मॅनेजमेंट हेच लिहीत आली," ते म्हणाले, पण ते पान त्यांनी मागून घेतलं आणि स्वतःच्या फाइलमध्ये लावलं.

शिकवायला आलेल्या या स्पेनच्या बाई पन्नाशीच्या, बुटक्या, चालताना समोरचा माणूस बाजूला होईल अशा चालणाऱ्या. सव्वीस वर्षं रजेचं काम केलेलं. स्वतःचं काम दुसऱ्याला शिकवायचं आणि शिकवून झालं की घरी जायचं. मला त्यांच्याकडे बघायला सुरुवातीला जड जात होतं. त्यांना अजिबात जात नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीएवढा तक्ता लावला आणि आम्हाला गावांची नावं पाठ करायला लावली. चुकलं की त्या टेबलावर पेन आपटत. इंग्रजी त्यांचं आमच्यासारखंच होतं, म्हणजे व्याकरण कमी आणि हातवारे जास्त, त्यामुळे आमचं छान जमलं.

एका रविवारी मी त्यांना डोंबिवलीला जेवायला घेऊन आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी भरली वांगी कमी तिखट केली होती, तर बाईंनी वर चटणी मागून घेतली. जेवण निम्म्यावर आल्यावर बाबांना राहवेना.

"त्यांना विचार," ते मला म्हणाले, "नोकरी जाणार हे आधी कळलं होतं का?"

"बाबा, जेवू दे ना त्यांना."

"विचार तर."

मी विचारलं. बाईंनी हातातली पोळी खाली ठेवली.

"दोनदा कळलं. एकाच दिवशी," त्या म्हणाल्या. "आमच्या प्रतिनिधीने जेवणाच्या सुट्टीत फोन केला, रडत. मीपण रडले. मग संध्याकाळी परत फोन आला, पुन्हा तेच सांगायला लागली. मी म्हटलं, वेड लागलं का तुला? ती म्हणाली, नाही, दुसऱ्या कायद्याने सांगतायत. तेव्हा मात्र मी चिडले. आणि चिडल्यावर मला सुचलं काय मागायचं ते. एक वर्ष मागा, म्हटलं. ते तिने सगळ्यांच्या सह्या घेऊन पाठवलं."

मी मराठीत सांगितलं.  बाबांनी स्वतः उठून त्यांना आमटी वाढली. एरवी ते स्वतःचं पाणीसुद्धा घेत नाहीत.

त्यानंतर पुष्कळ गोष्टी बदलल्या. फोरमन रिटायर झाला. त्याला घड्याळ हवं की फ्रेम हे मीच विचारलं. त्याने दोन्ही नको, खुर्ची द्या म्हणून सांगितलं, टेबलाशी ठेवायची. आम्ही दिली. इंग्लंडचं सरकार आता उरलेल्या कौन्सिलींचा तो कायदाच काढून टाकायच्या विचारात आहे म्हणतात. अजून काढलेला नाही. वकिलांना विचारलं तर ते म्हणतात, सध्या दोन्ही फाइली करत राहा. ठाण्यात मॅनेजरने उत्साहाने "स्टाफ फोरम" काढला आणि मला त्यात घेतलं. "कुठल्या कायद्याखाली?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, कुठल्याच नाही. पहिली मीटिंग एसी किती थंड ठेवायचा यावर झाली आणि दीड तासानंतर एकमत न होता संपली. पण त्यानंतर आमची टेबलं दुसऱ्या मजल्यावर हलवायची होती, ते मॅनेजरने महिनाभर आधी येऊन सांगितलं.

स्पेनचं काम आता पूर्ण माझ्याकडे आहे. मागे एकदा सकाळी माझ्या मोबाइलवर त्या बाईंचा फोन आला. त्यांची नोकरी जाऊन तेव्हा चार महिने झालेले.

"तू काल माझ्या नवऱ्याला गैरहजर लावलंयस," त्या म्हणाल्या. त्यांचा नवरा तिथल्याच कारखान्यात आहे. "फक्त त्याला नाही, अख्ख्या कारखान्याला. काल आमच्या गावचा सण होता."

"तक्त्यात नव्हता!" मी जवळजवळ ओरडलेच.

"नव्हता. दर वर्षी तारीख बदलते, मी सांगायला विसरले." त्या एवढ्या मोठ्याने हसत होत्या की मी फोन कानापासून लांब धरला. "साहेबांना अजून कळलेलं नाही. कॉम्प्युटर उघड, मी सांगते कसं काढायचं ते."

मी म्हटलं, "तुम्ही कशाला त्रास घेता, आता तुमचं काम नाही ते."

"उघड गं," त्या म्हणाल्या, स्पॅनिशमध्ये, पण मला समजलं.

मी उघडलं. एकेक नाव त्या सांगत गेल्या, कुणाचं लग्न झालंय, कोण रजेवरून कालच आलेला, कुणाला दोन दिवस द्यायचे, आणि मी सुधारत गेले.